एचआयव्ही निगेटिव्ह, प्रतिकाराच्या सीडी४ पेशी ठीक, तरी गाठींत जंतू: या चुका टाळा

थायलंड, तैवान, दक्षिण चीन या पट्ट्यातला चाळिशी-पन्नाशीचा, तोवर धडधाकट माणूस. मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, ताप, उतरलेलं वजन, चढलेल्या पांढऱ्या पेशी. एचआयव्ही नाही. असल्या रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉन-गॅमाविरुद्ध प्रतिपिंडं सापडू शकतात. मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीला, जंतू मारण्याचा हुकूम हाच रेणू देतो. तो वाटेतच अडवला गेला की एनटीएम, म्हणजे क्षयाव्यतिरिक्तचे मायकोबॅक्टेरिया, अंगभर पसरतात. या आजाराची पहिली वर्णनं 2004 ची. 2012 मध्ये थायलंड-तैवानमधल्या 203 जणांच्या अभ्यासात, पसरलेला एनटीएम किंवा दुसरा संधिसाधू संसर्ग असलेल्यांपैकी 88 टक्क्यांत ही प्रतिपिंडं सापडली. इतकं माहीत असूनही चुका त्याच होतात.

गाठ दिसली की एकेटी (क्षयाची औषधं)

क्षय घरोघरी असलेल्या मुलखात, आपल्याकडेही, हा मोह मोठा. नमुना ठरलेला: गाठीतून सुई घालून पू काढतात, स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर रंगवलेल्या नमुन्यात, लाल दांड्या दिसतात, चार गोळ्या सुरू. जीनएक्स्पर्ट ही क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी निगेटिव्ह आली तर ‘नमुना कमी पडला असेल’ म्हणून सोडून देतात. दोन महिन्यांनी गाठी तशाच, मग ‘औषधाला दाद न देणारा क्षय’ म्हणून आणखी गोळ्या. तेवढ्यात पायांवर लालसर, दुखरे उंचवटे येतात. ते स्वीट सिंड्रोमचे, म्हणजे त्वचेच्या दाहाचे असतात. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं की आठवड्यात ओसरतात आणि सगळे खूश होतात. पुढे पाठीच्या मणक्यात एनटीएमपैकीच एक जंतू निघतो, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल, चौघांनाही तो जुमानत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

स्मिअर पॉझिटिव्ह आणि जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह हा विसंवाद हीच पहिली घंटा आहे, कारण जीनएक्स्पर्ट फक्त क्षयाचा गट ओळखते. रुग्ण स्थिर असेल तर कल्चर आणि प्रजातीची ओळख येईपर्यंत थांबा. अ‍ॅबसेसस बहुधा आठवड्याभरात उगवतो; तेवढा धीर नसेल त्याने गाठीला हात लावू नये.

इन्डिटरमिनेट (अनिर्णित) रिपोर्ट कचऱ्यात

आमच्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. क्वांटिफेरॉन या क्षयसंसर्गाच्या रक्तचाचणीच्या चार नळ्यांतल्या मायटोजेनच्या (पेशींना मुद्दाम चेतवणाऱ्या) नळीत निरोगी रक्त भरपूर इंटरफेरॉन-गॅमा सोडतं. मायटोजेनमधून निल (काहीच न घातलेली नळी) वजा करून आकडा 0.5 च्या खाली आला आणि क्षयाच्या नळ्याही निगेटिव्ह असल्या की रिपोर्ट इन्डिटरमिनेट. लॅब म्हणते, पुन्हा रक्त पाठवा. नळी नीट हलवली नसेल, इन्क्युबेशनला उशीर झाला असेल, रुग्ण स्टिरॉइडवर असेल किंवा लिम्फोसाइट कमी असतील तरी असं होतं, म्हणून एकदा पुन्हा पाठवणं योग्यच. पण दुसऱ्यांदाही तेच आलं आणि लिम्फोसाइट पुरेसे असतील, तर तिसरी नळी भरू नका. पेशी काम करताहेत. त्यांनी सोडलेला इंटरफेरॉन प्लाझ्मातली प्रतिपिंडं धरून ठेवतात आणि तो मोजणाऱ्या एलायझा चाचणीला तो दिसतच नाही. टी-स्पॉट या दुसऱ्या क्षयचाचणीत पेशी धुऊन घेतात, म्हणून त्याचा कंट्रोल व्यवस्थित येऊ शकतो. एक बरोबर, एक बिघडलेली, असं दिसलं की कोडं सुटत आलं.

खात्रीसाठी सोपी युक्ती: ठरावीक मात्रेचा इंटरफेरॉन-गॅमा एकदा रुग्णाच्या आणि एकदा निरोगी माणसाच्या प्लाझ्मात मिसळून मोजा. पहिल्यात आकडा कोसळला तर प्लाझ्मा अडवतोय. मग प्रतिपिंडांची तपासणी आणि जमल्यास स्टॅट-1 फॉस्फोरिलेशनची, म्हणजे इंटरफेरॉनचा हुकूम पेशीत पोचतो का याची, फ्लो सायटोमेट्री. नुसतं ‘प्रतिपिंड पॉझिटिव्ह’ पुरत नाही, ते इंटरफेरॉन निष्प्रभ करतं का तेही दिसायला हवं.

बाकीच्या, थोडक्यात

बायोप्सीचा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकणं. कल्चरला त्यातून काहीच उगवत नाही. अर्धा निर्जंतुक सलाईनमध्ये पाठवा. नळाचं पाणी नमुन्याजवळही नको, एनटीएम त्यात राहतातच.

क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक जंतूवर चालतं का याचा निकाल तीन-पाच दिवसांत वाचून ‘चालतं’ म्हणणं. अ‍ॅबसेससच्या अर्म-41 जनुकामुळे प्रतिकार उशिरा दिसतो, प्लेट 14 दिवस ठेवावी लागते.

एकाच जंतूवर समाधान मानणं. सोबत साल्मोनेला, टॅलॅरोमायसिस आणि क्रिप्टोकोकस या बुरशी, नागीण असू शकते, म्हणून रक्ताचं कल्चर आणि बुरशी दोन्ही तपासा.

मूळ कुठलं हे न विचारणं. अमेरिकेत वाढलेल्या थाई किंवा फिलिपिनो माणसालाही हा आजार होतो. प्रतिकारशक्तीच्या एचएलए-डीआरबी1 जनुकाचे 15:02 आणि 16:02 प्रकार त्याच्याशी जोडलेले आहेत.

बाहेरून इंटरफेरॉन-गॅमा टोचणं. प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त असेल तर तेही गिळलं जातं.

रिटुक्सिमॅबची (प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी घटवणाऱ्या औषधाची) घाई. नुसत्या अँटिबायोटिकने काम भागत नसेल तेव्हा ते देतात, प्रचलित मात्रा 375 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, आठवड्याला एक, चार वेळा. त्याआधी हिपॅटायटिस-बीचं एचबीएसएजी (विषाणूचं पृष्ठ-प्रथिन) आणि कोअर प्रतिपिंड दोन्ही बघा. प्रतिपिंडं उतरायला महिने लागतात, तोवर अँटिबायोटिक थांबवायची नाहीत. गाठ बसली म्हणून गोळ्या बंद केलेले रुग्ण वारंवार परत येतात, तेव्हा गोळ्या बंद केल्यावरही सीआरपी (रक्तातलं दाहाचं माप), वजन आणि मान बघत राहायचं, आणि प्रतिपिंडांची तुलना करायची तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने.