त्वचेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया ठरली? आधी त्या जागेचा फोटो काढा

बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्वचेचा कॅन्सर निघाला, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, की पहिलं काम त्या जागेचा फोटो. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. बायोप्सी अजून व्हायची असेल तर तुकडा घेण्याआधीच काढा.

माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. कानामागे, केसांच्या कडेला बेसल सेल कार्सिनोमाचा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरच्या एका प्रकाराचा, छोटा डाग होता. तुकडा तपासायला गेला आणि शस्त्रक्रिया 5 आठवड्यांनी ठरली. तेवढ्यात जागा पूर्ण भरून आली. टेबलावर पडल्यावर डॉक्टरांनी हातात आरसा दिला, मागे दुसरा धरला आणि विचारलं, "नेमकी कुठली?" दोन फिकट खुणा दिसत होत्या आणि दोन्ही तीच वाटत होती. अंदाजाने बोट ठेवलं असतं तर चांगली कातडी गेली असती आणि कॅन्सर जिथल्या तिथे राहिला असता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया थांबवली, त्यांचे उपकारच. दोन्ही ठिकाणचे तुकडे पुन्हा गेले आणि आणखी 3 आठवडे जीव टांगणीला लागला. असं घडणारे आपण एकटे नसतो. स्वतःची बायोप्सीची जागा भलतीच दाखवणारे पेशंट डॉक्टरांना नेहमी भेटतात.

म्हणून फोटो. एक लांबून, ज्यात कान, नाक, भुवई असं काहीतरी ओळखीचं येईल. एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. एक पेनाने गोल करून, एक गोल न करता. दुसऱ्या कुणाला काढायला सांगा. सेल्फी नको, काही फोनचा पुढचा कॅमेरा डावं-उजवं उलटं करतो. तारीख टाका, डॉक्टरांना पाठवा, आणि त्या दिवशी फोन चार्ज करून न्या. सुई टोचायच्या आधी फोटो समोर ठेवून जागेवर खूण करून घ्या, ती आरशात स्वतः बघा आणि मगच हो म्हणा. जागा भरली म्हणजे आजार गेला असंही समजू नका. बायोप्सीत बऱ्याचदा वरचा थोडाच भाग निघतो, आतला तसाच असतो. "आता काही दिसतच नाही, मग कशाला कापायचं" म्हणत तारीख टाळणं महागात पडतं.

औषधांची यादी करा, सगळ्या औषधांची. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे अगदी कळकळीने सांगणं आहे. कातडीवरचं रक्त डॉक्टरांना बहुतेक वेळा दाबून किंवा जागा भाजून थांबवता येतं, पण गोळी सोडल्यामुळे मेंदूत किंवा हृदयात गुठळी झाली तर तिचं काय करणार? काय चालू ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या, ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलही सांगा, त्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. पेसमेकर असेल तर आधीच कळवा, कारण रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात. ॲलर्जी सांगा. सिगारेट बंद करा. जखमेवर दुसरीकडची कातडी (कलम) लावायची असेल तर ती जगायला रक्तपुरवठा लागतो आणि धूर तोच तोडतो.

जखम किती मोठी होईल हे आधी विचारा. डाग 6 मिलिमीटरचा असला तरी चारही बाजूंनी साधारण 4 मिलिमीटर चांगली कातडी घेतली की झाले 14. टाके सपाट बसावेत म्हणून जखम लंबगोल करतात, लांबी रुंदीच्या जवळपास तिप्पट. म्हणजे व्रण 4 सेंटीमीटरचा. हे आधी माहीत नसलं की पट्टी सुटते तेव्हा छातीत धस्स होतं. मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचा जास्त घातक प्रकार, असेल तर त्याच्या जाडीप्रमाणे 1 ते 2 सेंटीमीटर बाजू घेतात. मोहस पद्धतीत थर काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कडेला कॅन्सर दिसला तर तेवढाच भाग पुन्हा काढतात. त्यात सगळा दिवस जाऊ शकतो, बहुतेक वेळ वाट बघण्यातच.

त्या दिवशी समोरून बटणांचा शर्ट घाला. फक्त जागेवरची भूल असेल आणि उपाशी यायला सांगितलं नसेल तर खाऊन जा. सोबत कुणी हवंच. भुलेचं इंजेक्शन झोंबतं, त्यात ॲड्रेनलिन असतं म्हणून थोडा वेळ धडधडू शकतं, घाबरू नका. आणि फोटो घेतलात ना?

घरी रक्त आलं तर 20 मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उचलून बघायचं नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. कपाळावर शस्त्रक्रिया झाली असेल तर डोळाही सुजतो. पेट्रोलियम जेली लावून जखम ओलसर ठेवा, खपली धरू देऊ नका. जड उचलू नका. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू आला, ताप आला तर फोन करा.

टाके चेहऱ्यावरचे 5 ते 7 दिवसांनी, पाठ-पायाचे 10 ते 14 दिवसांनी. रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि "कडा मोकळ्या आहेत का?", म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर नाही ना, एवढं विचाराच. उन्हापासून जपा. पुढच्या तपासण्या चुकवू नका. टाके निघाले की व्रणाचाही फोटो काढा, मोजपट्टी धरून, तारीख टाकून. शेजारी नवं काही उगवलं तर ताडून बघायला तोच लागतो.