सुलानीत विजेविना घर थाटताना

माणसांचे रोजचे जगणे चालवण्याच्या ‘द सिम्स ४’ या संगणक-खेळाच्या ‘आयलंड लिव्हिंग’ या २०१९ मध्ये आलेल्या विस्तारात (मूळ खेळाला जोडायच्या भागात) सुलानी बेटांवर कुटुंब वसवणार असाल, तर घराच्या जागेला ‘ऑफ द ग्रिड’ हे आव्हान अवश्य लावून पाहा, कारण वीज आणि नळाचे पाणी नसले की समुद्रकाठचे जगणे खऱ्या अर्थाने बेटावरचे वाटू लागते. मात्र ते लावण्यापूर्वी बांधकामाच्या विभागात शिरून, विजेविना चालणाऱ्या वस्तू फिल्टरने वेगळ्या काढाव्यात आणि स्वयंपाक, अंघोळ व शौचालय या तीन गरजा आधी भागवून घ्याव्यात. अन्यथा फ्रीज आणि टीव्ही केवळ शोभेपुरते उरतात व भुकेलेला सिम, म्हणजे खेळातले पात्र, ताटकळत राहतो. फ्रीजच्या जागी बर्फाची पेटी आणि शेगडीऐवजी अंगणात ग्रिल ठेवावी. सकाळी किनाऱ्यावर गळ टाकून आणलेला मासा संध्याकाळी त्याच ग्रिलवर भाजला जातो, हे दृश्य मला फार प्रिय आहे. वीज-पाण्याचा भार नसल्याने बिलही हलके येते. फारच अडचण झाली, तर हे आव्हान केव्हाही काढून टाकता येते.