घरच्या गॅरेजात वर्कबेंच करताय? कोकणात तरी या चुका टाळा

वर्कबेंचच्या, म्हणजे सुतारकामाच्या बाकाच्या, तक्रारींना आमच्याकडे मोसम असतो. आगोटीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, हौशी मंडळी बाक ठोकतात आणि कौतुकाने फोटो पाठवतात. दिवाळी झाली की त्याच मंडळींचे फोन सुरू होतात. फळी वाकली, पाय डुगडुगतो, वाइसचा (लाकूड पकडायच्या शिकंज्याचा) स्क्रू फिरत नाही. फोटोतच दिसत असतं की हे होणार. तेव्हा बोललं तर राग येतो, म्हणून आता लिहूनच ठेवतो.

मूळ भानगड अशी की आराखडा व्हिडिओतून उचललेला असतो. त्या व्हिडिओतलं गॅरेज बंदिस्त, लाकूड भट्टीत वाळवलेलं पाइन, हवा कोरडी. आपलं गॅरेज बहुतेकदा घराच्या कडेला काढलेली पत्र्याची पडवी. एका अंगाला जांभ्याची भिंत, समोर शटर असलं तर असलं, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तोच आराखडा इथे जसाच्या तसा चालत नाही.

ओल्या लाकडाचा बाक

ही माझी सगळ्यात नावडती चूक. लोक ती दरवर्षी करतात, पण २०२१ साली तिची साथच आली होती. मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने वर गेलं आणि गावोगावी आंबे, फणस आडवे झाले. गिरणीवर ओंडक्यांची रांग. आमच्या वाडीतला एक मुलगा, मुंबईहून टाळेबंदीत घरी आलेला, हाताला कामाची सवय आणि डोक्यात बाक. पडलेल्या रायवळ आंब्याच्या तीन इंची फळ्या कापून आणल्या. ताजा भुसा मुठीत दाबला तर लाडू वळत होता. मी म्हटलं, निदान एक उन्हाळा थांब. तर म्हणाला, "काका, फुकटचा लाकूड गावला, कशाक सोडू?"

सोडू नकोस रे, वाळव म्हणत होतो. जूनमध्ये बाक उभा राहिला. फळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, खाली चौकटीला लोखंडी अँगल आणि स्क्रूंनी गच्च आवळलेल्या. आणि पावसाळाभर तो बाक खरंच सुरेख दिसत होता. मला मुद्दाम बोलावून दाखवला.

इथेच नवखे फसतात. ओल्या लाकडातलं मोकळं पाणी आधी जातं, आणि ते जाताना लाकूड आकसत नाही. ओल साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरली की मग आकसायला सुरुवात होते. पावसाळ्यात ओल तिथवर रेंगाळते. पाऊस सरला, थंडी पडली, दुपारची हवा कोरडी व्हायला लागली, की खरा खेळ सुरू. त्याच्या बाकाच्या फळ्या नोव्हेंबरात कडांनी उचलल्या आणि पन्हळीसारख्या खोलगट झाल्या. शिमग्यापर्यंत मधोमध करंगळी जाईल एवढी भेग. शिवाय बाकाखाली रोज बारीक पिवळं पीठ पडायचं. त्याला वाटलं, आपल्याच कामाचा भुसा. तो किड्यांचा होता. आंब्याच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडात स्टार्च भरपूर, किड्याला तेच हवं असतं. मला हाक मारून म्हणाला, "काका, हेका काय झाला बघा." बघायचं काय त्यात! वरचा निम्मा माल न्हाणीच्या चुलीत गेला. पाय तेवढे वाचले, कारण ते जुन्या घराच्या ऐनाच्या लाकडाच्या खांबातून काढले होते.

वाळवायची रीत अवघड नाही, फक्त वेळ खाते. एक इंच जाडीला एक वर्ष हा जुना अंदाज. आंबा त्याहून लवकर वाळतो, ऐन रडवतो. त्यात पावसाचे चार महिने हिशोबात धरू नका, तेव्हा वाळणं जवळजवळ थांबतं. म्हणून तीन इंची फळी कापूच नये. सव्वा-दीड इंची पट्ट्या कापाव्यात, वाळवाव्यात, आणि नंतर कडेवर उभ्या करून एकमेकींना चिकटवाव्यात. जाड बाक मिळतो आणि वाट थोडी कमी पाहावी लागते. पट्ट्या कापल्या त्याच दिवशी त्यांच्या टोकांना उरलेला ऑइल पेंट फासा, नाहीतर टोकं आधी वाळून तडकतात. थर जमिनीपासून वर, पडवीत, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही असा. दोन थरांमध्ये दीड-दोन फुटांवर कोरड्या रिपा, आणि सगळ्या रिपा बरोबर एकीखाली एक. रिपा इकडे-तिकडे पडल्या तर फळ्या तिथेच वाकून वाळतात. सर्वांत वर वजनाला चार चिरे, म्हणजे जांभ्याचे घडीव दगड.

वाळलं हे कसं ओळखायचं? बोटाने टकटक करून कळतं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, मला तरी ते जमत नाही. मी फळीच्या मधून एक तुकडा कापतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो, ओव्हनमध्ये शंभराच्या किंचित वर ठेवतो आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवतो. तीनशे ग्रॅमचा तुकडा दोनशेवर थांबला तर लाकडात पन्नास टक्के ओल आहे, निमूट थप्पीला परत ठेवा. बारा-चौदाच्या घरात आलं की रंधा काढा.

किडीसाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं कोमट पाण्यातलं द्रावण मी ओल्या लाकडालाच देतो, कारण ओलीबरोबर ते आत झिरपतं. कृष्णपक्षात तोडलेलं लाकूड किडत नाही म्हणतात. तोडा खुशाल कृष्णपक्षात, पण थप्पी मात्र लावा. आणि झाड स्वतःच्या परड्यातलं असलं तरी साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा यांना हात लावण्याआधी परवानगी काढा. १९६४ चा वृक्षतोड कायदा तुमच्या कुंपणाच्या आतही लागू आहे.

थांबायची अजिबात तयारी नसेल तर दोन वाटा आहेत. जिथे जुनं कौलारू घर उतरवून स्लॅब घालतायत तिथे जा. वासे, तुळया, खांब पन्नास-साठ वर्षं धुरात आणि वाऱ्यात वाळलेले असतात. गिरणीवर नेण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर पात्याचे पैसे तुमच्याकडून वसूल होतील. दुसरी वाट, १९ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन थर एकावर एक चिकटवा. प्लाय आयएस ७१० च्या शिक्क्याचाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, घ्या आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करा. प्लायच्या बाकाला नाकं मुरडणारे असतात. ओल्या आंब्यापेक्षा तो कधीही बरा.

वरची फळी चौकटीला जखडणं

लाकूड वाळलं म्हणजे मेलं असं नव्हे. आपल्याकडे फेब्रुवारीत ते दहा-अकरा टक्क्यांवर असतं आणि जुलैत सतरा-अठरावर जातं. बावीस इंच रुंदीची फळी एवढ्यात रुंदीला पाव इंच सहज वाढते. लांबीला मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणजे रुंदी वाढणार, तिच्याखालची आडवी पट्टी वाढणार नाही, आणि दोघींना तुम्ही फेविकॉल लावून, वर स्क्रू पिळून एकत्र बांधलेलं. कोणीतरी फाटणारच. लोक म्हणतात, आणखी चार स्क्रू मारतो. मारा!

पुढची कड पक्की धरायची, कारण वाइस तिथे असतो. मागच्या बाजूला चौकटीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करायची, स्क्रूखाली वॉशर घालायचा, आणि स्क्रू हाताने थोडा मोकळा ठेवायचा. फळी पावसात मागे सरकते, उन्हाळ्यात परत येते. मला याहूनही आवडतं ते म्हणजे दहा-दहा इंचांच्या दोन फळ्या आणि मध्ये इंचभर फट. प्रत्येकीची हालचाल निम्मी होते, फटीतून क्लॅम्प घालता येतो, आणि एक फळी बिघडली तर एकच बदलावी लागते. फटीतून छोट्या वस्तू खाली पडतात अशी तक्रार येते. पडतात. खाली पुठ्ठा लावा.

तेल किंवा पॉलिश जे काही देणार ते वर दिलं तेवढंच खालूनही द्या. वरून तीन हात आणि खालून कोरडी ठेवलेली फळी वाकली की लोक लाकडाला शिव्या देतात.

डुगडुगणारे पाय आणि करवत

गॅरेजचा कोबा शटरकडे उताराचा असतो. गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून तो मुद्दाम तसाच घातलेला असतो. त्यावर बाक ठेवला की एक पाय अधांतरी. मग माणूस करवत घेतो आणि समोरचा पाय थोडा कापतो, मग तिसरा उचलला जातो, मग तो कापतो. हा उद्योग पाहिला की मला हसू आवरत नाही. आधी वर पाणसळ ठेवा आणि पायाखाली तुकडे सारून बाक सरळ करा. करवतीचं काम त्यात नाहीच.

तुकडे कसले, तर कडाप्पाचे. जुन्या घरात खांबाखाली तळखडा असतो तो शोभेसाठी नाही. पायाचं तळ म्हणजे लाकडाच्या उघड्या नळ्या, ओल्या कोब्यावर त्या पाणी वर ओढतात, आणि वाळवीलाही आत शिरायला वाट मिळते. कडाप्पाच्या वेगवेगळ्या जाडीच्या चकत्यांनी पातळीही साधते आणि पाय कोरडाही राहतो. वाळवीने मातीचा रस्ता बांधलाच तर तो बाहेरून दिसतो. चिऱ्याचा तुकडा इथे चालत नाही. जांभा स्वतःच पाणी पितो. शिवाय पाय उलटे उभे करून त्यांच्या तळांत इपॉक्सी मुरवा.

पायाला नुसते अँगल आणि खिळे मारून थांबलेल्या बाकाला कमरेने एक धक्का द्या, लांबीच्या दिशेने. रंधा मारताना जोर त्याच दिशेला जातो. हलला तर खालच्या लांब पट्ट्या बारीक आहेत. मी त्या पाच-सहा इंच रुंद घेतो आणि १० मिलिमीटरच्या बोल्टनी आवळतो. लाकूड आकसलं की सांधा सैल पडतो, पण बोल्टला पाना फिरवता येतो. दिवाळीनंतर एकदा आणि मिरगाच्या आधी एकदा फिरवतो. एवढं करूनही बाक सरकत असेल तर खालच्या फळीवर चार चिरे ठेवा. पंचवीस-तीस किलोचा एकेक, शंभरच्या वर वजन झालं.

बाकीचं भराभर सांगतो.

उंची सुताराला विचारू नका. आपल्याकडचा जुना सुतार जमिनीवर बसून, फळी पायाच्या अंगठ्यात धरून काम करायचा. आताचा सुतार सवयीने जेवणाच्या टेबलाएवढा, तीस इंची, करून देतो आणि तुमची कंबर जाते. सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मनगटाच्या सुरकुतीपर्यंत मोजा. हाताने रंधा जास्त मारणार असाल तर त्याहून इंच-दोन इंच खाली.

लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत टिकत नाहीत. ऐन, खैर यांच्यात कषाय (टॅनिन) भरपूर, तिथे लोखंडाभोवती काळे डाग पसरतात. स्टेनलेसचे घ्या. घर समुद्राला लागून असेल तर ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचं स्टेनलेस मागा. दुकानदार दोन्ही एकच म्हणेल. एकच नाहीत.

नैऋत्येची भिंत टाळा. झडीचा पाऊस तिलाच झोडपतो आणि जांभा आतून घामेजतो. दुसरी भिंत नसेलच तर बाक चार इंच पुढे ओढा.

वाइस पायाच्या वर बसवा, दोन पायांच्या मधोमध नको. उजव्या हाताच्या माणसाने डाव्या टोकाला. आतला जबडा फळीच्या कडेशी एका रेषेत हवा.

काम अडवून धरायला फळीत खुंट्या बसवतात, त्यांची भोकं १९ मिलिमीटरची, खुंट्याही १९ च्या, असं मापात मारलं की जुलैत खुंट्या हातोडीनेही निघत नाहीत. भोक एक मिलिमीटर मोठं ठेवा.

काजूच्या टरफलाचं तेल होडीला उत्तम आणि बाकाच्या पायांना खालून चालेल, पण वरच्या फळीला कधीच लावू नका. चिकटतं, आणि कातडीला लागलं तर फोड येतात. वर मी बेलतेलाचे (जवसाच्या तेलाचे) पातळ दोन हात देतो, ऑक्टोबर सरल्यावर, कोरड्या हवेत. भर पावसात दिलेलं तेल वाळत नाही आणि त्यावर हिरवी-काळी बुरशी चढते. जाड हात दिला तरी तेच.

त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. बेलतेल वाळताना तापतं, आणि गुंडाळलेली चिंधी काडी न लावता पेट घेऊ शकते. एकेक सुटी करून बाहेर दोरीवर वाळत घाला, नाहीतर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.