विम कसा शिकायचा: तिफन एक दिवस, डवरा हंगामभर

माझा चुलत भाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा मी ओसरीत बसून काम करून राहिलो होतो, लॅपटॉपचा टचपॅड बंद पडलेला, माऊस नाही, तरी फाइलमध्ये वरून खाली, खालून वर सगळं सरसर चालू. हे सगळं विममध्ये, म्हणजे नुसत्या कीबोर्डवर चालणाऱ्या, कोड लिहायच्या एडिटरमध्ये. तो बाजूला बसून पाहत होता, मग म्हणे, "दादा, मले पण शिकव ना हे." आठ दिवस रोज थोडं थोडं शिकवलं आणि ज्या क्रमानं त्याला समजलं त्याच क्रमानं इथे लिहितो, कारण खेड्यात बसून कोडिंग शिकणाऱ्या बऱ्याच पोरांना विम उघडला की पहिल्या पाच मिनिटांतच सोडून द्यावा वाटते आणि तो सोडू नये असं मला मनापासून वाटते.

बटनांची नावं आपण बोलतो तशीच लिहितो. नुसतं "जी" म्हटलं तर लहान जी, "कॅपिटल जी" म्हटलं तर शिफ्ट धरून.

आधी इन्स्टॉलचं उरकून टाकू. उबंटू लिनक्सवर बहुतेक वेळा विमची छोटी आवृत्तीच आलेली असते, त्यात टर्मिनलमध्ये "व्हीआय" (विम ज्याच्यावरून बनला तो जुना एडिटर) लिहून फाइल उघडली आणि लिहिता लिहिता बाणाची बटनं दाबली की ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटतात, पोरं घाबरतात की कीबोर्ड खराब झाला. काही खराब नाही, "सुडो ॲप्ट इन्स्टॉल विम" करून पूर्ण आवृत्ती घ्या. विंडोजवर विमचा इन्स्टॉलर मिळतो. लॅपटॉपच नसेल तरी अडत नाही, अँड्रॉइड फोनवर टर्मक्स (फोनवर टर्मिनल देणारं ॲप) टाका, त्यात "पीकेजी इन्स्टॉल विम", आणि ओटीजी वायरनं साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. कीबोर्ड नसला तर टर्मक्समध्ये आवाज वाढवायचं बटन धरून ई दाबलं की एस्केप लागते आणि आवाज कमी करायचं बटन कंट्रोलचं काम करते. फोनवर शिकता येते, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच.

आता मुख्य गोष्ट. विम उघडला, टाइप करायला गेलं की अक्षरं येत नाहीत, भलतंच काहीतरी होते. भाऊ पण तेच म्हणाला, "दादा, टाइपच नाही होऊन राह्यलं याच्यात." त्याला मी शेतातलं विचारलं, आपल्या बैलजोडीला तिफन जुंपली तर ती काय करते? पेरते. तीच जोडी डवऱ्याला जुंपली तर? तणाचा बंदोबस्त करते. बैल तेच, मागचं औजार बदललं. विममध्ये बटनं म्हणजे बैल आणि मोड म्हणजे औजार. इन्सर्ट मोड म्हणजे तिफन, त्यात जे दाबाल ते फाइलमध्ये पडते. नॉर्मल मोड म्हणजे डवरा, त्यात तीच बटनं आधीचं पीक हलवतात, छाटतात, विरळ करतात. आता हिशोब करा, पेरणीला दिवस किती जातात आणि डवरणी निंदणीला किती? कोडचं तसंच आहे, नवीन ओळी लिहायला थोडा वेळ आणि लिहिलेलं वाचून दुरुस्त करायला दिवसच्या दिवस, म्हणून विम सुरूच नॉर्मल मोडमध्ये होते. हे एकदा डोक्यात बसलं की मग चिडचिड होत नाही.

आय दाबलं की इन्सर्ट मोड, खाली "इन्सर्ट" लिहून येते. एस्केप दाबलं की परत नॉर्मल. सेव्ह करायचं तर एस्केप, मग कोलन डब्ल्यू, एंटर. बाहेर निघायला कोलन क्यू. काही बिघडवलं आणि सेव्ह न करता पळायचं असेल तर कोलन क्यू आणि उद्गारचिन्ह. यू म्हणजे मागचं रद्द, कंट्रोल आर म्हणजे रद्द केलेलं परत. पहिल्या दिवशी एवढंच.

फिरायला एच, जे, के, एल, म्हणजे डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. हे असं का? बिल जॉयनं १९७६ मध्ये बर्कलेला व्हीआय लिहिला तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर, त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार बटनांवर छापलेले होते, आणि एस्केप तिथं होतं जिथं आज आपल्याकडे टॅब असते. लाइनही ३०० बॉडची, म्हणजे एक एक अक्षर पडद्यावर यायला वेळ लागायचा, म्हणून हुकूम एका दोन अक्षरांचे ठेवले. ही गोष्ट मला फार जवळची वाटते कारण आमच्याकडे दारव्ह्याच्या पुढं गेलं की टॉवरची एकच काडी असते, आणि त्या एका काडीवर मी एसएसएच करून, म्हणजे नेटवरून दूरच्या मशीनमध्ये शिरून, सर्व्हरवरची फाइल विममध्ये आरामात दुरुस्त करतो, कारण जायचे असतात ते दोन चार अक्षरं आणि यायचं असतो तो पडद्याचा तेवढाच बदललेला भाग.

दुसऱ्या दिवसापासून टर्मिनलमध्ये "विमट्यूटर" चालवा. विमसोबतच येते, नेट लागत नाही, अर्ध्या तासाचा धडा आहे, पण एकदा करून सोडू नका, आठवडाभर रोज करा, बोटांना सवय लागेपर्यंत. आणि सगळं काम एकदम विमवर आणू नका, नाहीतर असाइनमेंट रखडते आणि राग विमवर निघतो. रोज एक छोटी फाइल घ्या.

आता खरी मजा. विमचे हुकूम पाठ करायचे नसतात, ते वाक्यासारखे जोडायचे असतात. क्रियापदं थोडीच आहेत, डी म्हणजे काढ, सी म्हणजे काढून तिथंच लिहायला बस, वाय म्हणजे कॉपी कर. मग कशावर ते सांगायचं: डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, डॉलर म्हणजे ओळीच्या शेवटापर्यंत, "आय डब्ल्यू" म्हणजे कर्सरखालचा अख्खा शब्द, "ए पी" म्हणजे अख्खा परिच्छेद. डी डी म्हणजे पूर्ण ओळ काढ, ३ डी डी म्हणजे तीन ओळी काढ. काढलेलं पी दाबलं की दुसरीकडे लागते, म्हणजे रोप उपटून दुसरीकडे लावल्यासारखं. तुम्हाला पाच क्रियापदं आणि दहा ठिकाणं आली की पन्नास हुकूम आले, एकही वेगळा पाठ न करता.

समजा पायथनच्या ओळीत अवतरणात लिहिलंय "सोयाबीनचा भाव" आणि तिथं "तुरीचा भाव" पाहिजे. ओळीच्या सुरुवातीला उभे असाल तरी चालते, सी, आय, आणि दुहेरी अवतरणाचं बटन, एवढंच दाबा. अवतरणातलं सगळं गेलं, कर्सर आत जाऊन बसला, लिहा, एस्केप. कंसाचं मात्र असं नाही, सी, आय आणि कंस दाबताना कर्सर कंसाच्या आत पाहिजे. भावाचं इथं दोन तीनदा चुकलं म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी गोष्ट, डॉट. शेवटचा केलेला बदल डॉट दाबला की परत होते. फाइलमध्ये "रेट" नावाचा व्हेरिएबल बारा जागी आहे, काही जागी बदलायचाय, काही जागी नाही. त्या शब्दावर उभं राहून स्टार दाबा, विम पुढच्या "रेट"वर जाते. मग सी, जी, एन दाबून नवीन नाव लिहा, एस्केप. आता नुसतं डॉट दाबत जा, प्रत्येक वेळी पुढचा "रेट" बदलते. पुढचा बदलायचा नसेल तर एन दाबून त्याच्यावर जा आणि आणखी एकदा एन दाबून त्याला ओलांडा. हे पाहून भाऊ उठून उभाच राहिला होता.

आणि मॅक्रो, म्हणजे बटनांची मालिका एकदा रेकॉर्ड करून परत परत चालवणं. गावातल्या एका गटासाठी २०० शेतकऱ्यांची नावं एका फाइलमध्ये आली होती, एका ओळीत एक नाव, आणि मला प्रत्येकाला अवतरण आणि पुढे स्वल्पविराम पाहिजे होता, म्हणजे पायथनच्या यादीत टाकता येतील. पहिल्या ओळीवर क्यू ए दाबून रेकॉर्डिंग सुरू केलं, कॅपिटल आय, अवतरण, एस्केप, कॅपिटल ए, अवतरण, स्वल्पविराम, एस्केप, जे दाबून खालच्या ओळीवर, आणि क्यू दाबून रेकॉर्डिंग बंद. मग १९९, ॲटचं चिन्ह, ए. डोळ्याचं पातं लवायच्या आत २०० ओळी तयार. हातानं केलं असतं तर चहा थंड झाला असता आणि चार जागी अवतरण सुटलं असतं ते वेगळं.

आता सेटिंग. होम फोल्डरमध्ये "डॉट विमआरसी" नावाची फाइल असते, विंडोजवर तिलाच अंडरस्कोर विमआरसी म्हणतात, तिच्यात आपल्या सवयी लिहायच्या. इथं पोरं एक चूक हमखास करतात, कोणाची तरी ४०० ओळींची फाइल उचलून जशीच्या तशी टाकतात, मग काही बिघडलं की कुठून बिघडलं ते सापडत नाही. दुसऱ्याच्या वावरात काय पिकते यावर आपली पेरणी ठरवत नाही ना आपण, आपली जमीन पाहतो. रिकाम्या फाइलपासून सुरू करा, आणि एखादी गोष्ट तीनदा त्रास देईल तेव्हाच एक ओळ टाका.

फक्त पहिली ओळ मी सांगतो तीच टाका. विम ८ पासून, तुमची स्वतःची फाइल नसेल तर विम आपली तयार सेटिंग लावते, रंग वगैरे. तुम्ही रिकामी फाइल बनवली की ती सेटिंग लागणं बंद होते आणि कोडचे रंगच गायब. म्हणून सुरुवातीलाच "सोर्स", मग डॉलर विमरनटाइम, हा शब्द कॅपिटलमध्ये, स्लॅश, "डिफॉल्ट्स डॉट विम" असं लिहा.

भावाची फाइल कशी वाढली ते सांगतो. एरर ३७ नंबरच्या ओळीत आहे म्हणे आणि हा बोटानं ओळी मोजून राहिला, म्हणून "सेट नंबर". शोधताना कॅपिटल लहानचा घोळ, म्हणून "सेट इग्नोरकेस" आणि "सेट स्मार्टकेस", दोन्ही सोबत, म्हणजे लहान अक्षरात शोधलं तर सगळं सापडते आणि एक जरी कॅपिटल टाकलं तर तसंच हुबेहूब शोधते. पायथनमध्ये टॅब आणि स्पेस मिसळून एरर आला, म्हणून "सेट एक्सपँडटॅब" आणि "सेट शिफ्टविड्थ" बरोबर ४, "सेट सॉफ्टटॅबस्टॉप" बरोबर ४. एस्केप लांब पडते म्हणून "आयनोरीमॅप जेके", पुढे टोकदार कंसात एस्केप, म्हणजे लिहिताना जे आणि के पटकन दाबलं की नॉर्मल मोड. मॅप म्हणजे एका बटनाला दुसऱ्या बटनांचं काम देणं. यात "नोरी" का, नुसतं "आयमॅप" का नाही, तर नुसत्या मॅपमध्ये एक मॅप दुसऱ्या मॅपला हाक मारत बसते आणि कधी कधी गोल गोल फिरते, नोरीमध्ये बटनाचा मूळ अर्थच धरला जाते. कायम नोरीच वापरा.

प्रत्येक ओळीच्या वर दुहेरी अवतरण टाकून मराठीत कारण लिहून ठेवा, विम त्या ओळीकडे लक्ष देत नाही. सहा महिन्यांनी तुम्हालाच लागते ते.

आता विजेचं. आमच्याकडे लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि घरच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर नाही. विम तुम्ही लिहिता लिहिता बाजूला एक स्वॅप फाइल ठेवत असते, २०० अक्षरं झाली की किंवा ४ सेकंद हात थांबला की त्यात सगळं उतरवते. लाइट गेली, परत आली, तीच फाइल उघडली की ई३२५ नंबरचा मोठा मेसेज येते आणि खाली पर्याय विचारते. घाबरून डिलीट करू नका! आर दाबा, म्हणजे रिकव्हर. मग पाहून घ्या सगळं आलं का, कोलन डब्ल्यू करा, बंद करा, आणि त्यानंतरच ती स्वॅप फाइल काढून टाका, नाहीतर दरवेळी तेच विचारत राहते. यामुळे माझं एकदा रात्री अकराला अख्खं फंक्शन वाचलं होतं. सोबत "सेट अनडूफाइल" पण टाका आणि "अनडूडिर"ला एक वेगळं फोल्डर आधी बनवून द्या, मग फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली तरी यू दाबून कालचा बदल मागे घेता येते.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक. इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगचा कीबोर्ड) चालू राहिला आणि नॉर्मल मोडमध्ये जे दाबलं तर विमला र मिळते, के दाबलं तर क, आणि कर्सर हलतच नाही. एस्केप दाबायच्या आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणायची सवय लावा. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं नीट दिसत नाहीत, फाइल बरोबर असते, दिसायलाच तुटक दिसते. लांब मराठी मजकूर असेल तर मी जीविम, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या खिडकीत उघडणारा विम, वापरतो.

आणखी दोन ठिकाणी लोक अडकतात. कंट्रोल एस दाबायची सवय असते, काही टर्मिनल त्यानं गोठून जाते, काहीच हलत नाही, तेव्हा कंट्रोल क्यू दाबा, सुटते. आणि विंडोजवर कंट्रोल व्ही पेस्ट करत असेल तर उभा चौकोनी भाग निवडायलाही कंट्रोल क्यूच.

नीओव्हिम घ्यायचा का, असं भाऊ विचारत होता. २०१४ मध्ये विमपासूनच वेगळा निघालेला आहे तो, सेटिंग लुआ भाषेत लिहिता येते आणि चुका दाखवणारा, नाव सुचवणारा एलएसपी आतच आहे. चांगला आहे, पण वर सांगितलेलं सगळं हातात बसल्यावर घ्या, बटनं तीच आहेत, काही वाया जात नाही. प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या जास्तीच्या सोयी, एकदा वायफायवर उतरवून घेतले की मग नेट लागत नाही. आणि अडलं की आधी "कोलन हेल्प" आणि पुढे तो शब्द लिहा, सगळं पुस्तक तुमच्या मशीनवरच आहे, टॉवर गेला तरी वाचता येते. ब्रॅम मूलनार या माणसानं १९९१ मध्ये विम पहिल्यांदा बाहेर काढला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत सांभाळला, पैसे द्यायचे तर मला नको, युगांडातल्या गरीब मुलांना द्या असं त्यानं विममध्येच लिहून ठेवलंय. "कोलन हेल्प युगांडा" लिहून एकदा वाचा ते.

भाऊ आता हॉस्टेलला गेला, त्याची विमआरसी अकरा ओळींची आहे, गिटवर टाकून ठेवली आहे, म्हणजे लॅबच्या मशीनवर बसला की दोन मिनिटांत उतरवून घेतो. परवा रात्री मेसेज आला, "दादा, कंट्रोल ओ दाबलं की मागच्या जागेवर जाते, हे तू सांगितलंच नव्हतं."