साखरेच्या वहीत हवेचा रकाना

माझ्या साखरेच्या वहीत चार रकाने आहेत. तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर आणि चौथा ‘हवा’. पहिले तीन डॉक्टरांनी सांगितलेले. चौथा माझ्या भाचीने आखला, तोही माझ्याशी भांडून. ती वैद्य आहे, फोंड्याला दवाखाना चालवते, आणि मावशीला उपदेश करायची संधी सोडत नाही.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली अकरा वेळगे-सुर्लच्या बाजूला. शाळेसमोरून खनिजाचे ट्रक जायचे. सकाळी बाकं पुसायची, मधल्या सुट्टीनंतर पुन्हा पुसायची. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि पुढच्या मार्चमध्ये शाळेच्या आवारातल्या पेरूची पानं हिरवी दिसली. मार्चमध्ये हिरवा पेरू मी तिथे पहिल्यांदाच पाहिला. २०१६ साली मला मधुमेह निघाला तेव्हा खापर फोडायला ती तांबडी धूळ तयारच होती.

भाची म्हणाली, “मावशी, धुळीचं नाव घेतेस ते घे, पण न्हाणीतली भाण रोज कोण पेटवतं?”

भाण म्हणजे खाली जाळ घालून आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भांडं. तिचं म्हणणं मला पचायला वर्ष लागलं. तुमचा वेळ वाचावा म्हणून इथे लिहिते. डोळ्यांना दिसणारी, बोटाला लागणारी धूळ बहुतेक जाड असते. नाकात, घशात अडकते, शिंकेतून, खोकल्यातून बरीचशी बाहेर पडते. दमेकऱ्याला ती छळते आणि निरुपद्रवी तर नाहीच. पण साखरेच्या बाबतीत सगळ्यात जास्त पुरावा आहे तो सूक्ष्म कणांविरुद्ध, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढ्या कणांविरुद्ध. हे कण मुख्यतः जळण्यातून येतात: डिझेल, लाकूड, कोळसा, पातेरा (सुका पालापाचोळा), कचरा. ते फुफ्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोचतात, त्यातले अतिसूक्ष्म तर रक्तातही उतरतात. शरीर त्यांना शत्रू समजून लढायला उठतं आणि ती धुमसणारी सूज महिनोन्‌महिने राहते. अशा सुजेत यकृत, स्नायू आणि चरबी इन्सुलिनचं ऐकेनाशी होतात. इन्सुलिन दार ठोठावतं, आतून कडी निघत नाही, आणि साखर रक्तातच फिरत राहते.

२०१८ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी हिशोब मांडला: २०१६ या एका वर्षात जगभरात मधुमेहाचे सुमारे ३२ लाख नवे रुग्ण या सूक्ष्म कणांच्या खात्यावर जातात. आपल्याकडे दिल्ली आणि चेन्नईतल्या बारा हजारांवर लोकांना सात वर्षं तपासलं. हवेतल्या या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने जास्त असली की मधुमेहाचा धोका २२ टक्क्यांनी जास्त दिसला.

मग दिल्लीपेक्षा गोव्याची हवा कितीतरी बरी असताना साखर आपल्याकडेच का? २०२३ मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. देशाची सरासरी ११.४. मी हाच प्रश्न विचारून भाचीला कोंडीत पकडलं असं मला वाटलं. ती म्हणाली, “म्हणूनच सगळं हवेवर ढकलू नकोस. वजन, बसणं, खाणं, घराणं हे आधी. पण ज्या राज्यात चौघांत एकाला साखर आहे तिथे वरून हा धक्का कशाला?” बरोबर आहे. शिवाय ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्या हृदयाला हाच धूर इतरांपेक्षा जास्त महागात पडतो.

तेव्हा सुरुवात घरातून करा. रस्ता तुमच्या हातात नाही, न्हाणी आहे.

आमच्याकडे आंघोळीचं पाणी भाणीत तापायचं. खाली नारळाची सोडणं, चुडतं (सुक्या झावळ्या), कधी पावसात भिजलेलं लाकूड. वरून फेटा बांधल्यासारखा धूर. पाऊण तास रोज, पहाटे, दार लोटून, आणि त्याच धुरात बसून मी चहा प्यायचे. आम्ही गॅसवर पाणी तापवायला लागलो, मग दोन वर्षांनी छपरावर सौरबंब बसवला. नवऱ्याने तीन महिने तक्रार केली की पाण्याला वास नाही. ज्यांना हे लगेच जमणार नाही त्यांनी निदान भाण बाहेर, वाऱ्याच्या बाजूला न्यावी, सुकंच लाकूड वापरावं, आणि पेटवून देऊन तिथून उठावं. ओलं सोडण घातलं की धूर दुप्पट, हे सांगायला वैद्य लागत नाही.

दुसरं, मच्छर-कॉइल. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगरेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं मोजून झालं आहे. आम्ही दोन खोल्यांत दोन लावायचो आणि खिडक्या बंद करायचो, डास येऊ नयेत म्हणून! आता मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी. मच्छरदाणी खोचायचा कंटाळा येतो, खरं आहे.

तिसरं मला सांगायला जड जातं: धूप आणि अगरबत्ती. आयुर्वेदात धूपन आहे, गुग्गुळ, कडुनिंब, मोहरी वगैरे जाळून. त्यामुळे भाची पाठिंबा देईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, धूपन प्रसंगाने करायचं कर्म आहे, करून झाल्यावर खोली मोकळी करायची असते. बंद देवघरात सकाळ-संध्याकाळ दोन-दोन काड्या हे धूपन नव्हे. आता आमच्या देवाला समई आणि फुलं. अगरबत्ती तुळशीपाशी, उघड्यावर.

चौथा उपाय म्हणून लोक महाग यंत्रं सुचवतात. गोव्यात बाराही महिने खिडक्या उघड्या असणाऱ्या घरात मला ते पैसे वाया वाटतात. ओलं फडकं, कोरडा झाडू कमी, आणि मासे तळताना खिडकी सताड उघडी, एवढ्याने माझं भागलं.

आता चालणं. इथे मी खरी चुकले होते. साखर निघाली तसं डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी आज्ञाधारकपणे पहाटे साडेपाचला डिचोली-साखळी रस्त्याच्या कडेने निघायचे. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी हवा गार आणि निपचित असते. थंड थर जमिनीलगत झाकणासारखा बसतो, आणि आदल्या संध्याकाळी कुणी जाळलेला पातेरा, ट्रकांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली. शहाण्यासारखी मी त्यात पाऊण तास भरभर चालायचे, म्हणजे एरवीपेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढायचे. याला ‘ताजी हवा’ म्हणायची आपली सवय आहे.

चालणं सोडू नका, ते औषधच आहे. सुश्रुताने गरीब प्रमेही (प्रमेह म्हणजे आयुर्वेदातला मधुमेहाच्या जातीचा विकार) माणसाला शंभर योजनं चालायला सांगितलं आहे, पायांत वहाणा नाहीत, डोक्यावर छत्री नाही, एका गावात एकच रात्र मुक्काम. फक्त वेळ आणि वाट बदला. हिवाळ्यात ऊन चांगलं वर येऊ द्या, किंवा दुपारी चारनंतर निघा, तोवर समुद्रावरचा वारा आतपर्यंत पोचलेला असतो. मोठ्या रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत शिरलं की गाड्यांच्या धुराचा जोर बराच उतरतो. मी आता मागच्या कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पायवाटेने जाते. पावसात हवा धुतलेली असते, त्या चार महिन्यांत वेळेचं बंधन नाही, फक्त निसरड्याचं आहे. आणि ज्या दिवशी बाहेर धूर दिसतो त्या दिवशी घरातच प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली. जेवणानंतरची साखर त्याने खाली राहते, माझ्या तिसऱ्या रकान्यात ते स्वच्छ दिसतं.

रस्त्याच्या कडेला थांबणं टळतच नसेल, बसथांब्यावर किंवा दुकानात, तर एन-९५ मास्क, नाकावर घट्ट. पदर आणि रुमाल धूळ अडवतात, सूक्ष्म कण नाही.

आकडे बघायची हौस असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे ॲप आहे. पण वाचताना एक गोम लक्षात ठेवा. आपल्या देशाच्या हवेच्या निर्देशांकात (एक्यूआय) १०० पर्यंत हवा ‘समाधानकारक’ ठरते, आणि १०० म्हणजे सूक्ष्म कण ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा १५ आहे. त्यामुळे मी ५० च्या आत असेल तरच वहीत ‘बरी’ लिहिते. जवळचं मोजणी केंद्र लांब असेल तर तो आकडा तुमच्या अंगणाचा नसतो, तिथे नाकच खरं. माझ्या चौथ्या रकान्यात ‘बरी’, ‘कोंदट’ आणि ‘धूर’ हे तीनच शब्द येतात.

आयुर्वेदाचं म्हणाल तर आधी एक गोष्ट कबूल करते, कारण यावर बरंच भलतंसलतं फिरतं. प्रमेहाच्या कारणांच्या यादीत चरकाने हवा सांगितलेली नाही. सुखाने बसून राहणं, सुखाने झोपणं, दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ अशी कफ वाढवणारी यादी आहे (शिक्षिकेच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याचं इतकं अचूक वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही). हवा येते ती चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात, जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात, गावंच्या गावं एकदम आजारी का पडतात या प्रश्नावर. तिथे बिघडलेल्या वायूच्या लक्षणांत न सोसणारा वास, वाफ, वाळू, धूळ आणि धूर वेगवेगळे मोजले आहेत. पांशु वेगळा, धूम वेगळा. मी अकरा वर्षं शाळेत बसून जे एकच समजत होते ते तिथे दोन शब्दांत होतं. हे दोन धागे आपण आज जोडतो, ग्रंथाने जोडून दिलेले नाहीत, असं भाची बजावते.

तिने मला दिलेलं पथ्य साधं आहे. जुने उकडे तांदूळ, तेही मोजून. पेज पातळ, सोबत मूग किंवा कुळीथ. आठवड्यातून तीनदा जवाची भाकरी. रात्री दही नाही. पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव, घेते पण ती कोंड्याची आहे का, की मैद्याला वरून कोंडा फासलाय, हे तोडून बघते. रस्त्यावरून आल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या, आणि बाहेर पडण्यापूर्वी करंगळीने नाकपुडीत तिळाच्या तेलाचं बोट. नुसतं बोट फिरवायचं, तेल ओढून घ्यायचं नाही. फुफ्फुसात तेल जाणं वाईट. सर्दी असली की तेही बंद. हळद आणि आवळ्याचं चूर्ण तिने दिलं, पण माझ्या गोळ्यांची यादी बघून आणि माझ्या डॉक्टरांना फोन करून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा साखर अचानक खाली जात असेल तर हळदीचं चूर्ण मनाने सुरू करू नका, आणि चूर्ण सुरू केलं म्हणून गोळी बंद तर मुळीच नाही.

फायदा झाला का? माझी तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए१सी) ७.८ टक्के होती, दीड वर्षात ६.९ झाली. पण त्याच काळात मी जत्रेतलं खाजं आणि चारच्या चहातले दोन चमचे सोडले, त्यामुळे यातलं हवेचं किती आणि खाज्याचं किती हे मला सांगता येणार नाही. खोकला मात्र गेला, तो नक्की भाणीचाच होता.

भाण अजून न्हाणीत आहे, चिंचेने घासून लख्ख. नरकचतुर्दशीला तेवढी पेटते, सुक्या लाकडावर, दार उघडं ठेवून. त्या पहाटे वाड्यावर नरकासुराचा पुतळा जळतो, फटाके फुटतात. चौथ्या रकान्यात मी आदल्या रात्रीच ‘धूर’ लिहून ठेवते आणि शतपावली घरातच घालते.