खाडीकाठ आणि तिथल्या बागांचे आराखडे करताना या चुका टाळा

कोकणातल्या लहान शहरांचे खाडीकाठ सुधारण्याचे आराखडे तपासण्यासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांत खाडी हा निळ्या रंगाचा एक निश्चल पट्टा असतो. तिला दिवसातून दोनदा भरती येते हे आराखडा करणाऱ्याला ठाऊक असते. पण मोजमापे घेताना ते त्याच्या ध्यानात राहत नाही.

सर्वांत जास्त नुकसान पाहणीच्या वेळेने होते. ऊन टाळायचे म्हणून सल्लागार आणि अधिकारी सकाळी सात-आठला खाडीवर जातात. मात्र आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, म्हणजे उधाण, दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, म्हणजे त्या दिवशी सकाळी सात वाजता खाडी जवळजवळ सुकलेली असते. कोळी मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, त्या हिशेबाने चतुर्थीला ती तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास येते. अष्टमीच्या सकाळी खाडी भरलेली दिसते खरी, पण ती भांगाची भरती, उधाणाच्या मानाने बरीच खालची. सकाळीच जाणाऱ्या माणसाला उधाणाच्या भरतीचा माथा कधीच दिसत नाही, आणि संपूर्ण आराखडा तर त्या माथ्यावरच ठरायला हवा.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात संरक्षक भिंत आणि तिच्यावरून फिरण्याचा रस्ता असे काम होते, आणि सल्लागाराच्या हाताखाली पातळ्या घेण्याचे काम माझ्याकडे होते. पौर्णिमेच्या सकाळी साडेसातला मी व्हाळाच्या (ओढ्याच्या) मुखाशी उभा राहिलो, मुखाचा तळ पाण्याच्या बराच वर दिसला, आणि तिथे झडप लावलेला एक सिमेंटचा पाइप पुरेल असे मी वहीत लिहिले. भिंत बांधून होत आली तेव्हा होडी शाकारणारे एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "भिंत चांगली बांधलात हो, पण आमच्या पावसाचं पाणी जाणार कुठून?" मी त्यांना झडप दाखवली आणि ते हसले. जुलैच्या अमावास्येला रात्रभर पाऊस लागला, मध्यरात्रीच्या उधाणाने झडप मिटली, आणि डोंगराकडून आलेले पाणी भिंतीच्या आतल्या बाजूने मासळीबाजाराच्या गल्लीत गुडघ्याच्या वर चढले. ओहोटी लागल्यावरही झडप उघडेना, कारण तिच्या बिजागरीत प्लास्टिक अडकले होते. पहाटे लोकांनी पहारींनी भिंत फोडली तेव्हा पाणी उतरले. खाडीचे पाणी बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या भिंतीने गावाचेच पाणी आत कोंडले होते.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. वर्षातल्या एखाद्या मोठ्या उधाणाला मी दुपारी बाराला खाडीवर जातो, जेटीच्या खांबावर पाणी चढेल तिथे तांबड्या ऑइलपेंटची रेघ मारतो, आणि लेव्हल यंत्राने त्या रेघेवरून गावातले रस्ते, गटारे आणि उंबरे मोजतो. नवशिके अभियंते याऐवजी भरतीच्या कोष्टकातला आकडा उचलून थेट नकाशावर चढवतात. कोष्टकातली उंची अगदी खालच्या ओहोटीजवळच्या शून्यापासून मोजलेली असते आणि सर्वेक्षणाची पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत या दोन शून्यांतले अंतर सुमारे २.५ मीटर आहे. वर्षातून एक दुपार उन्हात उभे राहण्याचा कंटाळा केला, तर अडीच मीटरची चूक घरबसल्या होऊ शकते.

दुसरी माझ्या डोळ्यांत सलणारी चूक म्हणजे बागेसाठी केलेला भराव. काठावरची सखल जागा दिसली की तिच्यात राडारोडा आणि तांबडी माती टाकून ती उंच करायची, वर हिरवळ अंथरायची आणि फीत कापायची, अशी जणू रीतच पडली आहे. उधाणाच्या भरतीत व्हाळांची मुखे तीन-चार तास बंद राहतात, आणि तेवढा वेळ पावसाच्या पाण्याला थांबायला हीच सखल जागा असते. दहा हेक्टर वस्तीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० घनमीटर पाणी होते, आणि छपरे व डांबरी रस्ते असल्याने त्यातले बहुतेक वाहून येते. एक हेक्टरचे मैदान आजूबाजूपेक्षा अर्धा मीटर खोल ठेवले तर त्यात नेमके तेवढे पाणी मावते. त्याचा तळ मात्र ओहोटीच्या पातळीच्या पुरेसा वर हवा, नाहीतर मैदानाचे डबके होईल. म्हणून मी बाग खाली ठेवतो, बाके आणि खेळणी कडेच्या उंचवट्यावर लावतो, आणि मुखाशी जुन्या खारबंदिस्तीच्या (खारे पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधांच्या) उघाड्यांसारखे लाकडी दार बसवतो. भरतीने मिटणारी आणि ओहोटीने उघडणारी ही दारे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. ती अडकली तर कोणीही जाऊन मोकळी करू शकतो, फक्त ते कोणाचे काम हे अंदाजपत्रकातच लिहावे लागते.

कांदळवनाबाबत थोडक्यात सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने कांदळवनाभोवतीची ५० मीटरची पट्टी, जमीन कोणाचीही असली तरी, संरक्षित आहे, आणि सार्वजनिक कामासाठीही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आधी निविदा काढून मग परवानगीला धावणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. याच्या उलट, जिथे कधीच तिवर (कांदळवनाची झाडे) नव्हते अशा उघड्या चिखलात रोपे खोचण्याचा उत्साहही आवरावा, कारण त्या चिखलावर पक्षी चरतात आणि बायका तिसऱ्या (शिंपल्या) काढतात.

निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत पक्के बांधकाम दाखवू नये, मग ते उपाहारगृह कितीही छोटे असो. लोखंडी कठडे खाऱ्या हवेत लवकर गंजतात. गुळगुळीत फरशीवर श्रावणापर्यंत शेवाळ धरते. खरबरीत जांभा बरा. गुलमोहराच्या फांद्या वादळात मोडतात, त्याऐवजी करंज, उंडी आणि भेंड लावावेत.

शेवटी होड्यांविषयी. फिरण्याच्या रस्त्याच्या हौसेत होड्या लावण्याच्या पायऱ्या बुजवल्या जातात, आणि पहिल्याच हंगामात मासळीच्या टोपल्या कठड्यावरून उचलाव्या लागतात. त्या पायऱ्या उधाणाच्या रेघेपासून ओहोटीच्या चिखलापर्यंत सलग पोचायला हव्यात. मी त्या नकाशावर सर्वांत आधी काढतो आणि बाकांच्या जागा त्यानंतर ठरवतो.