वादळ आंध्रात येऊन राहिलं म्हणून बेफिकीर राहू नका, कडपा उचला

भाऊहो, बंगालच्या उपसागरात वादळाची बातमी आली की आपल्या गडचिरोलीकडं एकच ऐकू येते, "ते तिकडं आंध्रात, आपल्याले काय". आणि त्याच दिवशी मजूर मिळाले म्हणून धान कापून त्याचा कडपा (कापलेल्या धानाचा थर) बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पसरवून ठेवतात. दरवर्षी नुकसान होते ते इथंच.

विशाखापट्टणम गडचिरोलीपासून सरळ मोजलं तर चार-साडेचारशे किलोमीटर. जमिनीवर आलं की वादळाचा वारा उतरते, पाऊस लगेच कमी होत नाही. २६ सप्टेंबर २०२१ ला गुलाब नावाचं वादळ आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं आणि तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा पार करून पार अरबी समुद्रात गेलं, तिथं त्याचं पुन्हा शाहीन नावाचं वादळ झालं. २८ ऑक्टोबर २०२५ ला मोंथा वादळ आंध्रातल्या काकीनाड्याच्या बाजूनं आलं अन् कमजोर होऊन इकडंच सरकलं, ऐन हलक्या (लवकर येणाऱ्या) धानाच्या कापणीत.

म्हणून सांगतो, किनाऱ्यावर यायच्या आधीचे दोन-तीन दिवसच आपल्या हातात राहतात. पुढचे चार दिवस कोरडे दिसत नसतील तर विळा लावू नका, कापणीचा गुत्ता (ठेका) ठरला असला तरी पुढं ढकला. उभा धान भिजला तरी पाणी निथळते, वारा लागते, सुकते. कडपा ओल्या मातीला टेकून राहते अन् लोंबीलाच कोंब फुटतात, हलक्या जातीत तर लवकरच.

कापून झालंच असेल तर बाकी सगळं सोडा अन् कडपा उचला. भारे बांधून उंच जागेवर, खाली तुराट्या नाहीतर फांद्या टाकून पुंजणं (गंजी) रचा, लोंब्या आत, बुडखे बाहेर, माथा उतरता. वरून ताडपत्री, पण ऊन पडलं की काढायची, नाहीतर आत गरम होऊन दाणा काळा पडते. उचलणं जमलंच नाही तर निदान धुरा (बांध) फोडून बांधीतलं पाणी काढा.

भिजल्यावर दुकानदार टॉनिकची बाटली पुढं करते, घेऊ नका, कापलेल्या पिकाला टॉनिक कशाचं. साधं मीठ घ्या, लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला पाऊण किलो, अन् भिजलेल्या कडपावर फवारा, कोंब येणं थांबते. हे ५ टक्क्यांचं प्रमाण शिफारशीतलंच आहे.

एक माझा अंदाज, कुठं लिहिलेला नाही. ऑक्टोबरात रात्रीचा गारवा एकदम गेला अन् पूर्वेचा वारा दमट लागला की मी बातमीची वाट पाहत नाही, ताडपत्री काढतो. तुम्ही मेघदूत ॲपवर जिल्ह्याचा अंदाज बघून घ्या.

बाकीची कामं:
- धान उभा: फवारणी, युरिया बंद. आडवा पडला तर चार-पाच चूड (धानाचे बुंधे) एकत्र बांधा.
- धानावर तुडतुडे: पाऊस उघडल्यावर चुडाला १० च्या वर दिसले तरच पायमेट्रोझिन ५० टक्के हे कीटकनाशक, १० लिटरला ६ ग्रॅम.
- कापूस: फुटलेली बोंडं आधी वेचा, ओला कापूस वेगळा ठेवा.
- सोयाबीन: गंजी झाका, मळणी थांबवा.
- तूर: सऱ्यांतून पाणी काढा.
- हरभरा: पेरणी थांबवा.

पाऊस थांबल्यावर पऱ्हाटी (कापसाचं झाड) एकदम माना टाकते, त्यालाही महागडं काही लागत नाही. आधी पाणी काढा, मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश अन् २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून झाडाच्या बुडाशी १०० मिली ओता, माती पायानं दाबा. हे एक-दोन दिवसांत झालं तरच झाड उठते.

अन् मळल्यावर ओला धान तसाच खरेदी केंद्रावर नेऊ नका, १७ टक्क्यांच्या वर ओल निघाली तर परत पाठवतात. नुकसान झालं असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकाला कळवा, पण पंचनाम्याची वाट पाहत कडपा पाण्यात ठेवू नका. फोटो झाला की लगेच उचला.